रात्रीची पंगत : मुलांची पहिली शाळा

श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९०६ साली बडोदे राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. परंतु मुलाची एक शाळा त्याही आधी सुरू होते, आणि तिला कोणताही कायदा लागू नाही. ती म्हणजे रात्रीची पंगत. दिवसभर चार दिशांना गेलेली घरची माणसे एकत्र येतात ती येथेच. आज पुष्कळ घरांत या वेळी मुलापुढे मोबाईल धरून घास भरविले जातात. ताट रिकामे होते. परंतु काय खाल्ले हे मुलाच्या जिभेस कळत नाही आणि भूक भागली हे पोटास. म्हणून काही गोष्टी पालकांपुढे ठेवाव्यात असे आम्हांस वाटते.

पहिली गोष्ट, घासाची सक्ती नसावी. अमेरिकेतील आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी कामाची सोपी वाटणी सांगितली आहे. काय, केव्हा व कोठे वाढावयाचे हे मोठ्यांनी ठरवावे. खावयाचे की नाही आणि किती, हे मुलाने. नातवाने दोनच घास खाल्ले की आजीचा जीव खालीवर होतो, हे आम्ही जाणतो. परंतु निरोगी मूल एका जेवणात कमी खाल्लेले बहुधा पुढच्या जेवणात भरून काढते. वजन घटत असेल तर मात्र डॉक्टरांस दाखवावे. नवी भाजी चमचाभरच वाढावी व तिची चर्चा करू नये. आठ-दहा वेळा गाठ पडल्यावर पुष्कळ मुले ती आपण होऊन चाखतात.

दुसरी गोष्ट, मुलास काम द्यावे. मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोम शहरात बालगृह उघडले. तेथील लहान मुले टेबल मांडीत व सूप स्वतः वाढीत. आपल्याकडे तीन वर्षांच्या मुलाने वाट्या मांडाव्यात, पाच वर्षांच्याने कोशिंबीर वाढावी. माणसे पाच, प्रत्येकी दोन पोळ्या, तर एकूण किती? असे गणित पाटीवर मांडावे लागत नाही. पंगतीत वाढावयास शिकलेले मूल मधल्या सुट्टीत आपला डबा शेजाऱ्यापुढे सरकवते, हे आम्ही वर्गात नेहमी पाहतो.

तिसरी गोष्ट बोलण्याची. "आज काय शिकलास?" या प्रश्नाला "काही नाही" हेच उत्तर मिळते. त्याऐवजी कोडे घालावे : अंग खडबडीत, चव कडू, तरी आजोबांचे लाडके, ओळखा पाहू! डोळे मिटून वासावरून आमटी ओळखावयास सांगावे. आपल्या वांग्यास शाळेतील सोबती रींगण म्हणतात व कांद्यास डुंगळी. अशी जोडनावे मुलांकडूनच वदवावीत. बटाटा व पाव हे शब्द पोर्तुगीजांकडून आले, हे ऐकून मुलांस मोठी मौज वाटते. घास तोंडात असताना मात्र हसवू नये, आणि चार वर्षांखालील मुलास अख्खे शेंगदाणे देऊ नयेत.

या खेळांत आपल्या समाजाचे एक मोठे हितही आहे. आपली मुले दिवसभर गुजराती वा इंग्रजीत शिकतात. कित्येकांच्या कानी सलग मराठी पडते ती फक्त या अर्ध्या तासात. तोही मोबाईलला दिला, तर पुढील पिढीस मराठी आडनाव राहील, मराठी बोलणे राहणार नाही.

शेवटची गोष्ट, गुणपत्रक व रागावणे पंगतीबाहेर ठेवावे. कोणाच्या घरी श्लोकाने जेवण सुरू होते, आमच्या घरी बिस्मिल्लाने. अन्नापुढे क्षणभर थांबण्याचा धडा दोन्हीकडे एकच. महोत्सवाच्या या आनंदात प्रत्येक कुटुंबाने एवढाच संकल्प करावा : आठ दिवस रात्रीच्या जेवणास सर्वांचे मोबाईल, वडिलांचा धरून, दुसऱ्या खोलीत राहतील. नवव्या दिवशी ते तेथेच ठेवण्याची आठवण मुलेच करतील, अशी आम्हांस आशा आहे.