उलटा प्रायमर

मराठी विभागासाठी लेख दे, असं संपादक मंडळाने सांगितलं तेव्हा मला घामच फुटला. शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाची बोंब! सांभाळून घ्या. पण मिनी-प्रोजेक्टमध्ये एका चुकीने मला जे शिकवलं ते ज्युनिअर्सना सांगायलाच हवं.

डीएनए म्हणजे दोन साखळ्यांचा पीळ. ए समोर टी, जी समोर सी. ए-टी जोडीत दोन हायड्रोजन बंध, जी-सी जोडीत तीन. कॅरी म्युलिस यांना १९८३ मध्ये सुचलेल्या पीसीआरचा (नोबेल १९९३) सगळा खेळ याच जोड्यांवर चालतो. साधारण ९५ अंशांना साखळ्या सुट्या होतात. मग ५०-६० अंशांपर्यंत थंड केलं की प्रायमर, म्हणजे २० अक्षरांच्या आसपासचा छोटा तुकडा, आपली जागा शोधून चिकटतो. ७२ अंशांना एन्झाइम तिथून पुढची साखळी विणतं.

आता प्रश्न असा, की थंड झाल्यावर लांब साखळ्या पुन्हा एकमेकींनाच का नाही चिकटत? कारण प्रायमर संख्येने प्रचंड जास्त असतात, आणि लहान असल्यामुळे चटकन जागा गाठतात. गर्दीच्या एसटीत रुमाल टाकून सीट धरण्यासारखंच!

तापमानाचा ढोबळ हिशोब सोपा आहे. प्रत्येक ए किंवा टी ला २ अंश, प्रत्येक जी किंवा सी ला ४. दहा-दहा असतील तर २० + ४० = ६० अंश. त्याच्या ५ अंश खाली, म्हणजे ५५ पासून सुरुवात करायची. तापमान फार कमी ठेवलं तर प्रायमर भलत्याच जागी चिकटतो, फार जास्त ठेवलं तर चिकटतच नाही.

आम्ही हे सगळं केलं. तरी जेलवर लॅडर दिसला, आमचा बँड नाही. तीनदा! मी सरळ पार्टनरला म्हणाले, "तुझं पिपेटिंगच खराब आहे." ती काही बोलली नाही, पण त्या रात्री मेसला माझ्याबरोबर आली नाही.

दोन दिवसांनी ऑर्डरचा कागद पाहिला. साखळीला दिशा असते, ५ प्राइम ते ३ प्राइम, आणि जोडीतल्या दोन साखळ्या उलट दिशेने धावतात. समजा एक साखळी ए-टी-जी-सी-सी-ए अशी आहे. तिच्यासमोर टी-ए-सी-जी-जी-टी येतं खरं, पण ते ३ प्राइमकडून वाचलेलं. ऑर्डर ५ प्राइमकडून लिहायची असते, म्हणजे टी-जी-जी-सी-ए-टी. मी दुसरा प्रायमर उलटवलाच नव्हता! अक्षरं सगळी बरोबर, दिशा चुकीची. तो चिकटणार कुठे?

चौघींनी वर्गणी काढून मागवलेला प्रायमर वाया गेला. नव्याचे पैसे मी भरले आणि पार्टनरची माफी मागितली. सबमिशनच्या आदल्या दिवशी बँड आला, पिपेटिंग तिचंच!

तेव्हा ज्युनिअर्सनो, ऑर्डर देण्याआधी दिशा दुसऱ्याकडून तपासून घ्या. आणि दुसऱ्याच्या हाताला दोष देण्याआधी स्वतःचा कागद बघा.