बिलापलीकडचा जमाखर्च

नव्याने नोकरीस लागलेले आमच्या ट्रॉम्ब्यातील तरुण मोठी मोटारसायकल घेण्यापूर्वी माझा सल्ला विचारावयास येतात, तेव्हा त्यांच्या हाती बहुधा मासिक हप्त्याचा कागद असतो, आणि त्या एका आकड्याच्या आधारावर त्यांनी पुढील पाच वर्षांचा संकल्प मनाशी पक्का केलेला असतो. अशा वाहनाची आवड मला स्वतःला आहे, आजही ते माझ्या दारात उभे आहे, त्यामुळे त्यांना परावृत्त करण्याची माझी इच्छा नसते. परंतु वाहनाची किंमत आणि वाहन बाळगण्याची किंमत या दोन भिन्न रकमा आहेत, आणि दुसरीचा अंदाज पहिलीवरून बांधता येत नाही, हे त्यांना सविस्तर सांगणे मी माझे कर्तव्य समजतो.

सरकारी देण्यांचा विषय आधी उरकतो. ३५० सीसीहून मोठ्या इंजिनाच्या मोटारसायकलीवर जुलै २०१७ पासून २८ टक्के वस्तू व सेवा कर आणि ३ टक्के उपकर असा भार होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला, आणि त्याच दिवशी ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवरील कर १८ टक्क्यांवर उतरला. करापूर्वी तीन लाख रुपये मूल्याची जी मोठी गाडी ३,९३,००० रुपयांस पडत असे, ती ४,२०,००० रुपयांस पडू लागली, आणि राज्याचा एकरकमी वाहनकर, जो या वर्गास १२ टक्के आहे, त्याचीही रक्कम त्या प्रमाणात फुगली. नव्या दुचाकीस पाच वर्षांचा तृतीय पक्ष विमा सक्तीचा असून, २०२२ साली ठरलेल्या दरांनुसार १५० ते ३५० सीसीच्या गाडीस त्याचे ७,३६५ रुपये, तर त्याहून मोठ्या गाडीस १५,११७ रुपये पडतात. ही सर्व देणी निदान आगाऊ कळतात, म्हणून मला त्यांचे भय कमी वाटते.

भय वाटावे असा खर्च मला प्रथम दिसला तो एका क्षुल्लक अपघातात. धक्क्याकडे जाणाऱ्या अरुंद रस्त्यावर माझी गाडी साइड स्टँडवर उभी असताना मागे येणाऱ्या एका टेम्पोचा धक्का तिला लागला आणि ती जागच्या जागी आडवी झाली. कोणास इजा झाली नाही, टेम्पोवाल्यानेच ती उचलण्यास हात लावला. परंतु ब्रेकची लिव्हर, पुढचा इंडिकेटर, फेअरिंगचा एक पत्रा आणि रेडिएटर एवढे जिन्नस त्या पडण्यात गेले. साध्या गाडीचे असे सामान कोपऱ्यावरचा मिस्त्री संध्याकाळपर्यंत आणवतो. माझ्या गाडीचा रेडिएटर मात्र परदेशातून यावयाचा असल्यामुळे पावसाळ्याचा मोठा भाग ती सर्व्हिस सेंटरमध्ये उभी राहिली, आणि त्या मुदतीत कर्जाचा हप्ता व विम्याचा काळ हे दोन्ही आपल्या गतीने चालत राहिले. विम्याच्या सर्वसाधारण करारात प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरी यांच्या किमतीतून निम्मी रक्कम घसाऱ्यादाखल वजा होते, आणि या वर्गातील गाडीचे अंग तर बरेचसे प्लास्टिकनेच मढवलेले असते. म्हणून घसारामाफीची जोड, जिला झिरो डेप म्हणतात, तिचा जादा हप्ता पहिल्या वर्षांत भरावा, असे मी प्रत्येकास आग्रहाने सांगतो.

याहून गंभीर बाब जुन्या गाड्यांची आहे. विमा कंपन्यांच्या कोष्टकाप्रमाणे चार वर्षे ओलांडलेल्या गाडीचे मूल्य निम्म्यावर येते, आणि बाजारात ती त्याच मानाने स्वस्त मिळते. परंतु तिच्या सुट्या भागांचे मूल्य असे उतरत नाही. आठ लाखांची गाडी साडेतीन लाखांस घेणाऱ्या तरुणाला टायरांची जोडी, चेनसेट, ब्रेक पॅड आणि व्हॉल्व्हची तपासणी हा सारा खर्च आठ लाखांच्या गाडीचाच करावा लागतो, आणि तोही नेमका त्या वयात, जेव्हा हे भाग बदलण्यास येतात. कंपनीच देश सोडून जाण्याची शक्यताही आहे: सप्टेंबर २०२० मध्ये हार्ले-डेव्हिडसनने हरियाणातील बावल येथील आपला कारखाना बंद करण्याचे जाहीर केले, तेव्हा हीरो मोटोकॉर्पशी करार होऊन सामानाची व दुरुस्तीची तजवीज लागेपर्यंत मालकांना चिंतेत राहावे लागले.

आमच्या भागाचे काही विशेष आहेत. १९५४ आणि १९५५ साली सुरू झालेले दोन तेलशुद्धीकरण कारखाने माहुलला, आमच्या शेजारीच आहेत, पण त्या सान्निध्याचा दरात काही लाभ नाही. २९ मे २०२१ रोजी मुंबईत पेट्रोलने शंभरी ओलांडली, ती आम्हांलाही तशीच लागू झाली. खाडीची खारट, दमट हवा चेनला आणि विजेच्या जोडण्यांना लवकर खाते. पावसाळ्यात चेन पुसून तेल देण्याचे काम मी आठवड्यावर जाऊ देत नाही. आणि ज्या वेगासाठी एवढा पैसा मोजावयाचा त्या वेगास योग्य असे रस्ते, म्हणजे वांद्रे-वरळी सागरी सेतू, किनारी मार्ग, जानेवारी २०२४ मध्ये आमच्याजवळच्या शिवडीहून सुरू झालेला अटल सेतू, आणि पुण्याचा द्रुतगती मार्ग, हे सर्व दुचाकीस वर्ज्य आहेत. रोजच्या वाट्यास येतो तो मानखुर्दचा कंटेनरांनी भरलेला रस्ता, जेथे मोठे इंजिन दुसऱ्या गिअरमध्ये तापत राहते.

म्हणून बयाणा देण्यापूर्वी सामानाच्या खिडकीवर जाऊन लिव्हर, इंडिकेटर, रेडिएटर, चेनसेट, क्लच प्लेट आणि टायरांची जोडी यांचे भाव लेखी घ्यावेत, आणि शहरात अधिकृत सर्व्हिस सेंटर किती व कोठे आहेत हे पाहावे. त्या कागदाची बेरीज ज्याला वर्षाच्या बचतीतून, कर्ज न काढता, देता येईल त्याने खुशाल गाडी घ्यावी. ज्याला येणार नाही त्याने ३५० सीसीपर्यंतच्या गाडीत समाधान मानावे, कारण तिच्यावर आता करही कमी आहे आणि तिचा मिस्त्रीही गल्लीत आहे. जुनी घेणाऱ्याने सर्व्हिसच्या नोंदी मागाव्यात, नोंदणी पुस्तकावरील कर्जबोजा उतरल्याचा बँकेचा नाहरकत दाखला पाहावा, आणि वडाळ्याच्या परिवहन कार्यालयात नावाची फेरनोंद होईपर्यंत पूर्ण रक्कम हातची सोडू नये.