अल्पखर्चिक खांबी शेड : वाळवी व भुंगेऱ्यांपासून संरक्षण

अवजारे, तणस व जनावरे यांसाठी लोखंडी शेड उभारणे अनेक लहान शेतकऱ्यांना परवडत नाही. रायपूर परिसरात भातखाचरांच्या बांधांवर बाभूळ राखण्याची जुनी पद्धत असल्याने खांबांचे लाकूड शेतातच मिळते. छपरासाठी मानवेल बांबू उपयोगी पडतो. तथापि, अशी शेड काही पावसाळ्यांतच वादळात कोसळते. दोष वाऱ्याला दिला जातो. प्रत्यक्षात जमिनीलगत खांब आधीच पोखरलेला असतो.

अमेरिकेत १९३० च्या दशकात रूढ झालेल्या ‘पोल बार्न’ पद्धतीत परिरक्षक मुरविलेले खांब थेट जमिनीत गाडतात. प्रक्रिया न केलेल्या लाकडासाठी ही पद्धत योग्य नाही. प्रक्रियेविना मातीत गाडलेला बांबू साधारणतः १ ते ३ वर्षेच टिकतो.

किडींची ओळख

*वाळवी* (ओडोंटोटर्मेस प्रजाती) जमिनीतून मातीच्या नळ्या बांधत लाकडापर्यंत पोहोचते. बाभळीच्या गाभ्यापेक्षा बाहेरील फिकट रसकाष्ठ ती लवकर खाते. *बांबू पोखरणारा भुंगेरा* (डायनोडेरस) बांबूतील पिष्टमय पदार्थांकडे आकर्षित होतो. बारीक छिद्रे व त्यांतून गळणारी पिठासारखी भुकटी ही त्याची खूण होय.

उभारणीतील टप्पे

१. तीन वर्षांहून अधिक वयाचे बांबू नोव्हेंबर ते फेब्रुवारीत तोडावेत. या काळात त्यांतील पिष्टांश कमी असतो. बाभूळ तोडण्यापूर्वी स्थानिक परवानगीचे नियम पाहावेत. खांबांची साल पूर्णपणे काढावी.

२. १०० लिटर पाण्यात ३ किलो बोरॅक्स व २ किलो बोरिक आम्ल विरघळवावे. ताज्या बांबूंच्या पेरांतील पडदे सळईने छेदून ते सुमारे दोन आठवडे द्रावणात बुडवावेत व सावलीत वाळवावेत. हातमोजे वापरावेत; जनावरे दूर ठेवावीत; उरलेले द्रावण तळ्यात वा नाल्यात सोडू नये.

३. बोरॉन पाण्याने धुऊन जाते. म्हणून खांब जमिनीत न गाडता जमिनीपासून ४५ सेंमी उंच काँक्रीटच्या चौथऱ्यावर बसवावेत. चौथरा व खांब यांमध्ये कडा खाली वाकविलेला जस्ती पत्रा ठेवावा. कन्हार जमीन फुगते व भेगाळते; तेथे पाया भेगांच्या खोलीखाली न्यावा.

४. न गाडलेला खांब स्वतःच्या बळावर वारा पेलत नाही. त्यामुळे चौथऱ्यात रोवलेल्या लोखंडी पट्ट्यांना तो बोल्टने जखडावा आणि दोन्ही दिशांना तिरकस आधार द्यावेत. हा खर्च वाचवू नये.

५. छपराच्या वळचणी पुरेशा बाहेर काढाव्यात, म्हणजे खांब व बांबू भिजणार नाहीत.

नियमित निरीक्षण

चौथरा व पत्रा वाळवीला पूर्णपणे रोखत नाहीत. तिला उघड्यावरून नळी बांधण्यास भाग पाडतात. ही नळी वेळीच दिसावी, हाच त्यांचा मुख्य उपयोग. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी चौथरे तपासून नळ्या खरवडून काढाव्यात. खांबाला टेकून तणस, शेणखत वा सरपण रचल्यास वाळवीला आडोसा व पूल दोन्ही मिळतात.

विस्तार कार्यकर्त्यांनी शेडची पाहणी करताना छपराआधी खांबाचा तळ पाहावा. शेडचे आयुष्य तेथेच ठरते.