मन कशासाठी खाते? : दोषभावना, लज्जा व सद्‌सद्‌विवेकबुद्धी



'मन खाते' हा आपल्या भाषेतील शब्दप्रयोग मोठा अर्थपूर्ण आहे. चूक घडली की कोणी काही न बोलताही आतून काहीतरी कुरतडू लागते. या आतल्या साक्षीदाराला आपण सद्‌सद्‌विवेकबुद्धी म्हणतो आणि तिचा प्रत्येक शब्द जणू देवाचाच शब्द आहे असे पुष्कळदा गृहीत धरतो. पण मन नेहमी योग्य गोष्टीसाठीच खाते काय? आणि ज्याचे मन खात नाही तो निर्दोष असतो काय? या प्रश्नांचा विचार मनोविश्लेषणशास्त्राच्या साहाय्याने करावा, हा या अभ्यासाचा हेतू आहे.

१. जबलपूरचे कबुलीजबाब

जबलपूर शहर १८१७ साली नागपूरकर भोसल्यांच्या हातून इंग्रजांकडे गेले. पुढे १८३० नंतरच्या काळात विल्यम स्लीमन या अधिकाऱ्याने ठगांविरुद्धच्या मोहिमेत या शहराला आपले मुख्य ठाणे केले. माफीचे साक्षीदार झालेल्या ठगांशी त्याने केलेली प्रश्नोत्तरे १८३६ साली कलकत्त्याहून पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. त्यात एक विलक्षण गोष्ट आढळते. वाटसरूंशी मैत्री जोडून त्यांचे गळे आवळल्याची हकीकत ही माणसे शांतपणे सांगतात; जबाबदारी दैवावर व देवतेवर टाकतात. परंतु स्त्रियांना मारू नये, शकुन डावलू नये, हे टोळीचे नियम मोडल्याबद्दल मात्र ती हळहळतात. आपला नाश त्यामुळेच ओढवला, असे त्यांचे म्हणणे आहे.

ही साक्ष सावधपणे वाचली पाहिजे. फाशी टळावी म्हणून ही माणसे बोलत होती, आणि लिहून घेणारा परकीय सत्तेचा अधिकारी होता. त्यामुळे ठगांच्या पंथाचे जे चित्र त्या काळी रंगवले गेले, त्यात पुष्कळ अतिशयोक्ती आहे असे अलीकडच्या इतिहासकारांनी दाखवून दिले आहे. तरीही त्यातून पुढे येणारा प्रश्न खराच आहे. या माणसांना सद्‌सद्‌विवेकबुद्धी नव्हती असे म्हणता येत नाही. ती होती, जागीही होती. पण ती भलत्याच ठिकाणी पहारा देत होती.

हे केवळ ठगांविषयीच खरे आहे असे समजू नका. स्तेफनाला धोंडमार होत असता साक्षीदारांची वस्त्रे राखणारा तरुण शौल आपण देवाची सेवाच करीत आहोत असे मानत होता. त्याचे मन त्याला खात नव्हते.

२. आतला न्यायाधीश कोठून येतो?

व्हिएन्नाचे डॉ. सिग्मंड फ्रॉइड यांनी १९२३ साली मनाचे तीन भाग कल्पिले : इदम्, अहम् आणि पराहम्. इदम् म्हणजे आदिम वासना, अहम् म्हणजे वास्तवाशी जुळवून घेणारा भाग, आणि पराहम् म्हणजे आतला न्यायाधीश. लहान मूल प्रथम आईबापांच्या रागाला भिते. त्यांचे प्रेम गमावण्याचे भय त्याला असते. हळूहळू ते बाहेरचा धाक आत घेते आणि मग आईबाप समोर नसतानाही त्यांचा आवाज त्याच्या मनात बोलू लागतो. पुढे १९३३ साली फ्रॉइडने आणखी एक मुद्दा मांडला. मूल आईबापांच्या वागणुकीपेक्षा त्यांच्या मनातील पराहम् उचलते. म्हणूनच रूढी, भीती व पूर्वग्रह पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहतात.

या न्यायाधीशाचे आणखी एक लक्षण फ्रॉइडने १९३० साली नोंदवले. माणूस जितका अधिक सदाचारी, तितका तो त्याच्याशी कठोर वागतो. बाहेर न काढलेला राग आत वळतो आणि स्वतःलाच झोडपू लागतो. यामुळेच अगदी निरुपद्रवी माणूस रात्रंदिवस स्वतःला दोष देताना दिसतो, आणि ज्याने दुसऱ्याचे घर बुडवले तो स्वस्थ झोपतो. मन किती खाते यावरून दोष किती मोठा हे ठरत नाही.

फ्रॉइड स्वतः श्रद्धावान नव्हते. धर्म हा भ्रम आहे, असे त्यांनी १९२७ साली लिहिले. त्यांचा तो निष्कर्ष आपण स्वीकारावा असे नाही. पण सद्‌सद्‌विवेकबुद्धी शिकवली जाते, आणि ती चुकीचेही शिकू शकते, हे त्यांचे निरीक्षण मान्य करावे लागते. तिलाही सत्याच्या प्रकाशात तपासणे आवश्यक आहे.

३. दोष आणि लज्जा

या दोन भावना आपण एकच समजतो, पण त्या वेगळ्या आहेत. अमेरिकेतील मनोविश्लेषक हेलन ब्लॉक लुईस यांनी १९७१ साली हा भेद स्पष्ट केला. दोषभावना कृतीकडे पाहते : 'मी हे वाईट केले.' लज्जा संपूर्ण 'मी'कडे पाहते : 'मीच वाईट आहे.' दोषभावना ज्याचे नुकसान झाले त्याच्याकडे नेते. लज्जा लपायला लावते. 'लोक काय म्हणतील', 'तोंड दाखवायला जागा उरली नाही', हे उद्‌गार लज्जेचे आहेत.

शौल राजा व दावीद राजा यांची तुलना करा. शमुवेलाने दोष दाखवताच शौलही 'पाप केले' असे म्हणतो, पण लगेच वडीलजनांसमोर आपला मान राखावा अशी गळ घालतो. नाथानाने दोष दाखवताच दावीद मात्र काहीच मागत नाही. शब्द जवळजवळ सारखेच आहेत; पण एकाला आपल्या अब्रूची काळजी आहे, दुसऱ्याला आपल्या कृत्याची.

लज्जेचा आणखी एक प्रकार आहे, आणि तो अधिक अन्यायाचा आहे. कोणतेही कृत्य न करताच तो माणसावर लादला जातो. जबलपुरात या माफीच्या साक्षीदारांसाठी कार्यशाळा उघडण्यात आली व तेथे तंबू आणि गालिचे विणले जाऊ लागले. त्यांच्याबरोबर त्यांची मुलेही देखरेखीखाली राहिली. गुन्हा बापाचा, कलंक मुलाचाही. पुढे १८७१ च्या कायद्याने संपूर्ण जमातींनाच गुन्हेगार ठरवले. तो कायदा पुढे रद्द झाला आणि १९५२ साली त्या जमाती विमुक्त झाल्या. पण पारधी, कैकाडी अशा समाजांच्या वाट्याची संशयी नजर कायद्याबरोबर गेली नाही. जातीमुळे मान खाली घालायला लावलेली माणसे आपल्या मंडळ्यांतही आहेत. अशा लज्जेला क्षमा लागत नाही, कारण तेथे पापच घडलेले नसते. तेथे न्याय आणि आदर लागतो. अशा माणसाला पश्चात्तापाचा उपदेश करणे म्हणजे जखमेवर मीठ चोळणे होय.

४. आत्मरतीचा आरसा

फ्रॉइडने १९१४ साली आत्मरतीवर निबंध लिहिला. सद्‌सद्‌विवेकबुद्धीविषयीचा महत्त्वाचा विचार त्याच निबंधात आहे, हे लक्षात घ्या. बालपणी मूल स्वतःलाच परिपूर्ण मानते. मोठेपणी ते सुख सुटते, पण माणूस एक आदर्श 'मी' उभारतो आणि त्याच्याशी स्वतःला सतत ताडून पाहतो. पुढे १९७१ साली हाइन्झ कोहुट यांनी दाखवले की, आत्मरत माणसाच्या मोठेपणामागे फार नाजूक असा 'मी' दडलेला असतो. त्याला इतरांच्या कौतुकाचा आरसा सतत हवा असतो.

मंदिरात स्वतःची दुसऱ्याशी तुलना करणारा परूशी आपल्याला सहज ओळखता येतो. परंतु 'माझ्याइतका पापी कोणी नाही' असे चारचौघांत वारंवार सांगणे हीदेखील कधीकधी आत्मरतीच असते, कारण तेथेही केंद्रस्थानी 'मी'च असतो. ज्याला दुखावले त्या भावाचे नाव त्या कबुलीत शोधूनही सापडत नाही.

खरी दोषभावना आरशाकडून खिडकीकडे नेते. मेलनी क्लाइन या मनोविश्लेषिकेने १९३७ साली प्रतिपादले की, निरोगी दोषभावनेतून भरपाई करण्याची ओढ जन्माला येते, आणि ही ओढ प्रेमाचाच भाग आहे. जक्कयाचे उदाहरण आठवा. तो रडत बसला नाही. ज्यांना फसवले त्यांना चौपट परत देण्यास निघाला.

५. एक आवश्यक सूचना

काही वेळा दोषभावना हे आजाराचे लक्षण असते. झोप उडते, अन्न गोड लागत नाही, जुन्या क्षुल्लक चुका डोंगराएवढ्या वाटतात, जगणे नकोसे होते. अशा व्यक्तीला 'विश्वास कमी पडतो' असे म्हणू नका. तिला एकटे न सोडता वेळीच डॉक्टरांकडे न्या आणि तिच्यासोबत राहा. प्रार्थना आणि औषध यांचे वैर नाही.

आत्मपरीक्षणासाठी प्रश्न

(१) माझे मन कोणत्या गोष्टींसाठी खाते? रूढी मोडल्याबद्दल अधिक, की माणूस मोडल्याबद्दल?
(२) माझी चूक उघडकीस आली तर मला आधी कोणाची आठवण होईल : पाहणाऱ्यांची, की जो दुखावला त्याची?
(३) माझ्या मनातील कठोर आवाज खरोखर कोणाचा आहे? तो मी माझ्या मुलांच्या मनात पेरीत आहे काय?
(४) ज्याने काहीच केले नाही अशा कोणाला मी लज्जित केले आहे काय?
(५) मी कोणाचे काय परत करणे बाकी आहे?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर एखाद्या कागदावर लिहा, त्यात त्या व्यक्तीचे नाव घाला, आणि या आठवड्यात तिच्याकडे जा.