वितळती पृथ्वी नको, चर काढा

प्रश्न : शाळेतल्या मुलांकडून हवामान बदलावर हाताने काढलेली एक मिनिटाची अ‍ॅनिमेशन फिल्म आणि पुस्तिकेचं मुखपृष्ठ करून घ्यायचं आहे. सुरुवात कुठून करू?
– एक कलाशिक्षक, अहिल्यानगर

उत्तर : आधी घाम पुसणारी पृथ्वी आणि बर्फावरचं अस्वल बाद करा. तुमच्याच जिल्ह्यात घाटघर-रतनवाडीला धो धो पाऊस आणि हिवरे बाजारला जेमतेम. पण पर्जन्यछायेतला दुष्काळ जुनाच आहे, त्याला हवामान बदल म्हणू नका. बदल दिसतो तो पावसाच्या जोरात : तापमान १ अंशाने वाढलं की हवा सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते. म्हणून पाऊस पडतो तेव्हा झोडपतो. हे चित्रात दाखवता येतं : उघड्या डोंगरावरून माती घेऊन पळणारं पाणी, आणि हिवरे बाजारसारखे समतल चर खोदलेल्या उतारावर थबकणारं, जिरणारं पाणी.

आता हिशेब. सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे मिनिटाला १,४४०. एक चित्र दोन चौकटी धरलं तरी ७२० चित्रं! मुलं कंटाळतील. डोंगर एकदाच रंगवा, फक्त पाणी हलवा. कागदांना एकसारखी भोकं पाडून खुंट्यांवर बसवा, नाहीतर डोंगरच थरथरेल. चित्रं टिपणारा मोबाइल स्टँडवर, उजेड दिव्याचा, खिडकीतला नको.

मुखपृष्ठासाठी फिल्ममधली चौकट उचलू नका, ती उभ्या पानात बसत नाही. वेगळं चित्र काढा, रंग दोन-तीनच. शीर्षकाच्या वेलांट्या-मात्रांना वर आणि उकारांना खाली जागा ठेवा आणि छपाईच्या कापणीसाठी चारही बाजूंनी ३ मिलिमीटर जास्त रंगवा.