आमिषाचा डबा वेगळा

बायो, कुठला रॉड घेऊ, कुठला गळ घेऊ असं तू विचारलं असतंस तर मी सरळ दुकानाचा पत्ता दिला असता. पण एका रविवारी आमिषाला आणलेल्या तारल्या पुढच्या रविवारपर्यंत टिकवायच्या कशा, तेही भाड्याच्या घरात आणि वरच्या मजल्यावर शाकाहारी घरमालकीण असताना, हे दुकानदार नाही सांगणार. ते मी सांगते.

आधी एक समजूत डोक्यातून काढ. कॅटफिशला कुजकं आवडतं म्हणून काहीजण आमिष मुद्दाम उन्हात ठेवून त्याला वास आणतात. शिवडा असो की शिंगटी, या सगळ्या कॅटफिशच्या मिशांवर आणि सगळ्या अंगावर चव ओळखणाऱ्या पेशी असतात. गढूळ पाण्यात, रात्रीच्या अंधारात ते डोळ्यांपेक्षा या चवीच्या मागे येतात. ती चव रक्तातून, तेलातून, मांसातून पाझरणाऱ्या रसातून येते. कुजलेल्या माशातला रस आधीच गळून गेलेला असतो, आणि मांस इतकं लिबलिबीत की फेकताना आमिष एकीकडे पडतं आणि गळ दुसरीकडे. शिवडा तर शिकारीच. तेव्हा कालवणाला घेशील तसाच मासा आमिषाला घे.

बेंगळुरूत शिवाजीनगरच्या रसेल मार्केटला सकाळी लवकर जा. 1927 सालचा बाजार आहे, गल्ल्या समजायला वेळ लागेल, लागू दे. बेंगळुरूपासून मंगळूर काय आणि चेन्नई काय, रस्त्याने साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. म्हणजे मासा बर्फातून प्रवास करूनच आलेला असणार. कल्ले लाल हवेत, पोट फुटलेलं नको. तारलीचं पोट सगळ्यात आधी जातं. मंगळूरकडचा विक्रेता असेल तर ‘भूताई’ माग, केरळचा असेल तर ‘मत्ती’. लहान बांगडाही चालेल. आणि घरून थर्माकोलचा डबा आणि बर्फ घेऊनच जा. बाजार ते घर या तासाभरात, ट्रॅफिकमध्ये अडकलीस तर दोन तासांत, जे बिघडतं ते पुढे कुठलाही फ्रीझर दुरुस्त करत नाही.

घरी आल्यावर नळाखाली खळखळून धुवायचा मोह आवर. अंगावरचा बुळबुळीतपणा आणि रक्त हेच तर आमिष. कागदाने नुसतं टिपून घे. ताटात एकेक तारली सुटी मांड, एकीला दुसरी टेकू देऊ नकोस, आणि फ्रीझरमध्ये ठेव. ढीग करून ठेवलेस तर मधले मासे हळूहळू गोठतात, आत बर्फाचे मोठे स्फटिक होतात, आणि बाहेर काढल्यावर मांस पिठासारखं होतं. कडक झाल्या की बर्फाच्या पाण्यात एक बुडी देऊन परत फ्रीझरमध्ये टाक. अंगावर बर्फाचा पातळ थर बसतो आणि हवा लागत नाही. मासे निर्यात करणारे कारखाने हेच करतात. मग एका फेरीला पुरतील एवढ्याच तारल्या एका पिशवीत, हवा दाबून काढून, वर तारीख घालून ठेव. तारलीत तेल भरपूर, आणि ते गोठूनही खवट होतं. दोन-तीन महिन्यांत संपव.

मला स्वतःला मात्र खारवलेलंच आमिष आवडतं. कोकणातल्या मुलीला मीठ काय शिकवायचं! बांगड्याचे बोटभर जाड तुकडे कर. तीन भाग मासा, एक भाग जाडं मीठ, थर देऊन चाळणीत घाल, खाली भांडं ठेवून रात्रभर फ्रिजमध्ये ठेव. सकाळपर्यंत पाणी गळून मांस घट्ट होतं, गळावर चिकटून बसतं. मग फ्रीझरमध्ये टाक. मीठ असल्यामुळे ते दगडासारखं गोठत नाही, तळ्यावर सुरीने सहज कापता येतं. रस मात्र ताज्यापेक्षा कमी सुटतो, म्हणून पाण्यातलं आमिष अर्ध्या तासाने बदल. जून-जुलैत पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, तेव्हा तारली महागते. मे महिन्यातच थोडं खारवून ठेव.

आता खरी काळजीची गोष्ट. आमिषाचा डबा घट्ट झाकणाचा आणि संपूर्ण वेगळा हवा, सुरी आणि पाटही वेगळे. वासाचं तर आहेच, पण त्याहून मोठं कारण आहे. तारली-बांगडा उन्हात राहिला की त्यात हिस्टामीन तयार होतं, आणि ते शिजवूनही जात नाही. तळ्याकाठी वितळलेलं पाकीट तू परत फ्रीझरमध्ये टाकलंस आणि तुझ्या सासूबाईंनी बिचाऱ्यांनी चांगला मासा म्हणून ते कालवणात घातलं, तर अंगावर पित्त उठण्यापासून उलट्यांपर्यंत सगळं होईल. उरलेलं परत घरात आणायचंच नाही.

तळ्यात मरून तरंगणारे मासे फुकट मिळतात म्हणून उचलू नकोस, ते कशाने मेले कुणास ठाऊक. 2016 च्या मार्चमध्ये हलसूर तळ्यात मेलेल्या माशांचा खच पडला होता, आठवतं? आमिषाला जिवंत मासे ठेवायचे असतील तर लक्षात ठेव, नळाच्या पाण्यातलं क्लोरीन त्यांना मारतं. आणि एका तळ्यातले मासे दुसऱ्यात कधीही सोडू नकोस. आफ्रिकन मांगूर पाळायला 2000 सालापासून बंदी आहे, तरी तो किती तळ्यांत पोचला बघ.

जाशील तिथे गरवायची परवानगी आहे का ते आधी विचार. भीमेश्वरी, गळीबोरेचं नाव काढून कुणी तुला कावेरीवर बोलावेल. तो पट्टा अभयारण्यात आहे, तिथे गळ टाकायचा नाही. दुसरीकडे कुठे शिवडा लागलाच तर ओल्या हातांनी धरून सोडून दे, तो आता धोक्यात आलेल्या माशांमध्ये गणला जातो.

राहिली घरमालकीण. डोकी, आतडी, चाळणीखालचं खारं पाणी यातलं काही बेसिनमध्ये ओतू नकोस. आतडी-डोकी कागदात गुंडाळून त्याच वेगळ्या डब्यात गोठवून ठेव, आणि सकाळी ओल्या कचऱ्याची गाडी आली की तेवढ्यापुरती बाहेर काढ. खारं पाणी संडासात ओतून वर दोन बादल्या पाणी टाक. आणि खारवायचं काम ती गावाला गेली असेल तेव्हाच काढ, एवढं ऐक माझं.