रथसप्तमीच्या रात्रीसाठी

पोरी, शाळेच्या मैदानावर आकाशदर्शन ठेवते आहेस, तर दुर्बीण नंतर, आधी कालनिर्णय उघड. लोक हौसेनं पौर्णिमा सुचवतील. ऐकू नकोस. पौर्णिमेच्या चंद्रावर ऊन समोरून पडतं, सावल्याच नसतात. दुर्बिणीत नुसता लखलखीत थाळा दिसतो. शुद्ध सप्तमी-अष्टमीचा चंद्र घे. उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या सावल्या लांबतात, डोंगरांची टोकं काळोखात एकेकटी उजळतात. शिवाय दिवस मावळताना तो उंचावर असतो आणि मध्यरात्रीपर्यंत साथ देतो.

मी तुझ्यासाठी १३ फेब्रुवारी २०२७ ही तारीख काढून ठेवली आहे. शनिवार, रथसप्तमी. त्याच आठवड्यात गुरूची प्रतियुती आहे आणि १९ तारखेला मंगळाची. म्हणजे दोघंही संध्याकाळीच पूर्वेला उगवतील, मंगळ मघा ताऱ्याजवळ असेल. आणि पश्चिमेला शनी. शुक्र मात्र पहाटेचा, त्याला या रात्री विसर.

आता क्रम नीट ऐक, कारण इथंच घोळ होतो. जो लवकर मावळणार, तो आधी. सव्वासातला दुर्बीण शनीवर लाव. आठनंतर तो खालच्या जाड हवेत शिरतो आणि पाण्यात पडल्यासारखा थरथरतो. त्याची कडी २०२५ मध्ये आपल्याकडे कडेनं वळली होती, अजून अरुंदच असतील. हे लोकांना आधी सांग, म्हणजे हिरमोड होणार नाही. मग चंद्र. गुरूला घाई नको, पावणेनऊपर्यंत चांगला वर येऊ दे, तेव्हा त्याचे पट्टे स्थिर दिसतात. मंगळ सगळ्यात शेवटी. तो यंदा लहानच दिसणार.

रांगेचा हिशेब कागदावर कर. पृथ्वी फिरते, त्यामुळे शंभरपट मोठं करून पाहताना ग्रह साधारण दोन मिनिटांत नजरेआड सरकतो. दर दोन माणसांनंतर एकानं तो पुन्हा मधोमध आणायचा. माणशी एक मिनिट धरलं, तरी शनीसाठी पाऊण तासात पंचेचाळीसच जण होतात. जास्त येणार असतील तर दुसरी दुर्बीण माग. लहान मुलांना पुढे उभं कर, ती झोपेला येतात. शेजारी एक पक्की खुर्ची ठेव, पाहणारा तिला धरेल आणि नळीला हात लावणार नाही. एकदा आमच्याकडे ती नसल्यानं पाहणारा नळीलाच टेकला आणि सगळं पुन्हा शोधत बसावं लागलं.

गच्चीवर मांडू नकोस. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री ऊब सोडतो आणि ग्रह उकळल्यासारखा दिसतो. मातीचं मैदान बरं. दुर्बीण सहालाच बाहेर काढ, निवू दे. टॉर्चला लाल कागद गुंडाळ. आणि फेब्रुवारीत दव पडतं, भिंगं पुसायचा मऊ कपडा मी बॅगेत घातला आहे.